गब्बूची चेटकीण आणि चिमी धवलेरी

चिमीला राग यायला कारण लागत नसे. भात करपला की राग. नवरा उशिरा आला की राग, आणि लवकर आला तर ‘आज काय काम नव्हतं वाटतं?’ म्हणून राग. साखरशेतच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून जो पाडा आहे, तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तिचा नवरा लाडक्या तर उभा जन्म हेच ऐकत आलेला. तो आपला ओट्यावर बसून विडी ओढायचा आणि बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मधूनमधून ‘हां, हां’ करायचा. पण तो राग घटकाभराचा. आंबील उतू जावी तसा यायचा आणि चूल विझवून मोकळा व्हायचा. थोड्या वेळानं तीच बाई शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

गब्बूच्या कार्यक्रमानंतर तिला जो राग आला तो मात्र उतरला नाही. आणि का उतरावा? ऐका, आणि मग तुम्हीच सांगा.

चिमी धवलेरी होती. वारल्यांच्या घरात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर देवचौक लिहितात, त्याच्यावर फडकं टाकतात, आणि धवलेरी त्याच्यापुढे बसून गाते. गाऊन गाऊन पालघट देवीला बोलावते. देवी आली की फडकं सरतं, फडकं सरलं की लग्न लागतं. तिथं पोथी नाही, पत्रिका नाही. जे काय आहे ते सगळं बाईच्या गळ्यात. चिमीनं ते आईच्या मांडीला मांडी लावून बसून उचललं होतं, आणि आई गेल्यावर पाड्यावरचं एकही लग्न तिच्याशिवाय झालं नव्हतं. तिचा आवाज गोड होता असं कोणी म्हणणार नाही. ती तो खालून उचलायची, चढवत चढवत न्यायची, वर जाऊन तो जरा फाटायचा आणि फाटल्या जागीच पुन्हा जुळायचा. त्या फाटण्याला अंगावर काटा यायचा. म्हातारे म्हणायचे, देवी तिथंच आत येते.

आता गब्बू. गब्बू म्हणजे टीव्हीवरचा कुत्रा. पिवळा, गोलमटोल, एक कान मोडलेला, डोक्यावर लाल टोपी. जव्हारच्या बाजारात दप्तरावर गब्बू, पाण्याच्या बाटलीवर गब्बू, चपलेवरही गब्बू. माणसांच्या पोरांपेक्षा त्याचे लाड जास्त. ह्या गब्बूचा उन्हाळ्याच्या सुट्टीत एक खास मोठा कार्यक्रम करायचा टीव्हीवाल्यांनी ठरवलं, त्यात गब्बू डोंगरातल्या गावाला येणार. मग गावचे खरे आवाज पाहिजेत म्हणून मुंबईची एक मॅडम आवाज भरायचं मशीन घेऊन जव्हारला उतरली. तिला पाड्यावर आणलं हरेशनं. हा हरेश जव्हारचाच, शिरपामाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गाडीतून हिंडवायचा. कोणाच्या ओट्यावर बसवलं की पाहुणे खूश होतात, हे त्याला बरोबर कळायचं.

भाताची झोडणी उरकली होती. चिमी अंगणात सूप घेऊन बसलेली. मॅडमनं आधी लग्नाचं गाणं मागितलं. चिमी जी उसळली!

“मांडव नाय, नवरी नाय, चौक नाय, आणि मी गाऊ? देवी काय रिकामी बसली हाय, कोणी पण बोलवलं का यायला?”

मॅडम हसली. बाई स्वभावानं वाईट नव्हती, तेवढं कबूल करायला हवं. ती बोलली, “बरं आजी, गाणं राहू दे. तुमच्या कुत्र्याला हाक मारा. गोष्ट अशी आहे की गब्बू रानात रस्ता चुकतो, उपाशी असतो. तुम्ही त्याला हाक मारता आणि घरी नेऊन भाकरी देता.”

हे चिमीला आवडलं. भुकेल्याला भाकरी, यात वाईट काय? पण तिचा तांबू हाकेला येण्यासारखा कुठं होता, तो तिच्याच पायाशी पसरलेला. मॅडम बोलली, समजा तो लांब डोंगरावर गेलाय, अशी मारा. चिमी उभी राहिली. पदर खोचला, तोंडाशी हात धरला आणि हाक मारली. “आऽऽऽ ये रंऽऽऽ, येऽऽऽ!” खालून उचललेली, वर जाऊन फाटलेली, फाटल्या जागी जुळलेली. तांबू दचकून उठला. खालच्या शेतातल्या बायका कमरेवर हात ठेवून वर बघायला लागल्या.

ओट्यावरून लाडक्या बोलला, “अगं, हे तर देवीला बोलवतेस तसंच झालं.”

“गप बसा तुम्ही! माझा गळा एकच हाय. कुत्र्यासाठी दुसरा कोठून आणू?”

मॅडमनं टाळ्या वाजवल्या. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत ती हाक पोटभर भरून घेतली. जाताना चिमीच्या अंगावर शाल घातली आणि एक गब्बूची लाल टोपी दिली. चिमीनं ती टोपी शेजारच्या मुकेशच्या डोक्यावर घातली. हा मुकेश म्हणजे लाडक्याचा पुतण्या भिका, त्याचा धाकटा पोर. भिकाची बायको रामी चिमीला काकी म्हणायची, आणि दोन घरांच्या मध्ये कुडाची एक भिंत सोडली तर काही नव्हतं. भिकाची थोरली पोरगी जयश्री. तिचं मोखाड्याकडच्या एका घरी ठरलेलं, लग्न येत्या उन्हाळ्यात. ते चिमीच लावणार, हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती.

कार्यक्रमाचा दिवस हरेशनं फोन करून कळवला. आणि मग चिमीनं काय करावं? घरोघर फिरून आवतण दिलं! लग्नाचं देतात तसं. “माझा आवाज येणार हाय टीव्हीत, या सगळे.” टीव्ही भिकाकडे. त्या दिवशी तिनं डोकं धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि सगळ्यात पुढं, टीव्हीच्या नाकासमोर, फतकल मारून बसली. सगळा पाडा मागं. पोरं खिडकीतसुद्धा लटकलेली. आपल्या माणसाचा आवाज मुंबईहून परत येणार म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

गब्बू आला. एसटीच्या टपावर बसून आला, डोंगर बघून भुंकला, फुलपाखरामागं धावला आणि रस्ता चुकला. रान काळं झालं. घुबड बोललं. गब्बू थरथरायला लागला. आणि त्या काळोखातून हाक आली, “आऽऽऽ ये रंऽऽऽ, येऽऽऽ!”

“आजी! चिमीआजीचा आवाज!” पोरांनी एकच गिल्ला केला. चिमीनं वळून सगळ्यांकडे बघितलं. हसली. तोंडावर पदर घेतला. आणि पुन्हा टीव्हीकडे वळते तो झाडाच्या ढोलीतून बाहेर आली ती.

जांभळे दात. नाकावर मोड आलेल्या हरभऱ्याएवढा मस. केस उभे. नेसलेलं काय, तर गुडघ्यापर्यंत ओचा मारलेलं लुगडं, आपल्याच बायका नेसतात तसं. राहते कुठं, तर कुडाच्या झोपडीत, आणि त्या झोपडीच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांची माणसं नाचताहेत. हातात भाकरी, भाकरीत जादूचा पाला. गब्बूनं भाकरी खाल्ली आणि पडला गाढ झोपी. मग तिनं त्याला हंड्यात टाकलं आणि हसली, आणि जेव्हा जेव्हा कोणा प्राण्याला फसवायचं तेव्हा तेव्हा तीच हाक मारली. ससा आला. हरीण आलं. शेवटी गब्बू जागा होऊन तिच्या पायाला कडाडून चावला आणि ती धूर होऊन उडून गेली, तीच हाक मारत मारत. पोरांनी टाळ्या पिटल्या. चेटकीण मेली, चेटकीण मेली!

मोठ्यांपैकी कोणी टाळी वाजवली नाही.

आता शहरात बसून कोणी म्हणेल, कार्टून आहे, हसा आणि सोडून द्या. शहरात चेटकीण म्हणजे गंमत. पाड्यावर तिला भुताळी म्हणतात आणि तिथं तो शब्द कोणी हसत उच्चारत नाही. एखाद्या बाईवर तो शब्द बसला की तिच्या हातचं पाणी बंद होतं. तिची नजर पोरावर नको, तिची सावली दाण्यावर नको. बायांना घर सोडून जावं लागलेलं आहे त्या एका शब्दापायी, आणि जावं लागलं ते नशीब, असं म्हणायची पाळी आलेली आहे. हे चिमीला माहीत होतं. त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मुंबईच्या मॅडमला काय माहीत?

चिमी उठली. कोणाशी न बोलता घरी आली आणि ती शाल चुलीत घातली. लोकरीचा घाण वास सुटला तरी लाडक्या काही बोलला नाही. त्यानं ‘हां, हां’सुद्धा केलं नाही.

पुढं काय झालं ते सांगताना माझंच डोकं फिरतं. मुकेशला ताप आला. अहो, पोर वैशाखाच्या उन्हात दुपारभर उघड्या डोक्यानं हिंडत होतं, कैऱ्या खात होतं, ताप येईल नाहीतर काय होईल! पण तापात ते बरळलं, ‘ती हाक मारते, ती हाक मारते.’ झालं. रामीच्या काळजाचं पाणी झालं. भिकानं पोराला जव्हारच्या दवाखान्यात नेलं, सुई टोचली, पोर बरं झालं, परत कैऱ्या खायला गेलं. पण रामीच्या मनातला ताप कोण उतरवणार? ती तोंडानं काही बोलली नाही. फक्त चिमी अंगणात आली की मुकेशला ओढून आत न्यायला लागली. मग विहिरीवर बाया चिमीला बघून हंडे जरा सरकवून घ्यायला लागल्या. कोणी भांडलं असतं तर चिमीनं झिंज्या उपटल्या असत्या. पण भांडायला कोणी येईना. ‘ये काकी, भर पाणी,’ म्हणून सगळ्या लांब उभ्या राहायच्या. ह्या गोड बोलण्याचा तिला जास्त संताप यायचा.

आणि मग लग्नाच्या तोंडावर रामी दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. चिमीच्या घरात ती कधी विचारून आली नव्हती, नेहमी थेट चुलीपर्यंत.

“काकी, ऐक ना. जयश्रीच्या लग्नाला जामसरची काळी येतेय.”

“येऊ दे की. चांगली बाई हाय. माझ्या मागं बसून तिनंच झेललंय गाणं.”

“तसं नाय. तीच लावणार.”

चिमी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“आणि मी?”

“तू बस ना. लुगडं-नारळ तुलापण देऊ. तुझा मान कोठं जात नाय. पण मोखाड्याची माणसं, त्यांच्याकडं पण टीव्ही हाय. त्यांनी पण बघितलंय. उद्या पोरीला तिथं काही झालं, तर बोलतील कोणाच्या आवाजानं लग्न लावलं...”

“त्यांचं मना नको सांगू. तू काय बोलतेस?”

रामी रडायला लागली. “माझं पोर तापात तुझी हाक ऐकत होतं, काकी. मी काय करू?”

“माझी नाय!” चिमी एवढ्यानं ओरडली की परातीतलं पीठ लाडक्याच्या अंगावर उडालं. “त्या रांडेची हाक होती ती! टीव्हीतलीची! मी भाकरी द्यायला बोलवत होते!”

रामी पदरानं डोळे पुशीत निघून गेली. तिला काही दुष्टपणा करायचा नव्हता, आणि हेच तर चिमीला सहन होईना. शत्रू असता तर दगड मारून मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवशी ती जीपला लोंबकळत जव्हारला गेली आणि गाडी धूत असलेल्या हरेशच्या हातातून पाण्याचा पाइप हिसकावून घेतला.

“लाव फोन तुझ्या मॅडमला.”

“मावशी, ती कामात असते...”

“मी पण कामातच होते, तू तिला आणलीस तेव्हा! लाव!”

हरेशनं लावला. फोन मोठ्या आवाजात ठेवला. मॅडमचा आवाज आला, अगदी आनंदानं फुललेला. “आजी! मी तुम्हाला फोन करणारच होते! सगळ्यांना तुमची चेटकीण इतकी आवडली!”

“माझी चेटकीण? भाकरी देणाऱ्या म्हातारीची हाक मागितलीस ना तू? तुझं तोंड होतं का दुसऱ्या कोणाचं?”

“हो, आधी तसंच होतं आजी. पण मग वरच्या लोकांना वाटलं की गोष्टीत कोणीतरी वाईट पाहिजे, नाहीतर मुलांना मजा येत नाही. आणि तुमच्या आवाजात ती एक जादू आहे. ते फाटतं ना वर जाऊन, आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या अंगावर काटा आला.”

ज्या जागी देवी येते, नेमकी तीच जागा हिनं उचलली होती.

“काढून टाक तो आवाज,” चिमी बोलली.

“आता नाही काढता येणार आजी, कार्यक्रम दाखवून झालाय. मोबाइलवर पण सगळीकडे गेलाय. आणि एवढं मनाला का लावून घेता? फक्त कार्टून आहे.”

“फक्त हाय ना? मग तुझ्या आईचा आवाज घाल तिथं! तुझ्या आईला लाव जांभळे दात, आणि दाखव तुमच्या बिल्डिंगीत!”

मग मॅडम हळूच बोलली, की पुढच्या भागात चेटकीण परत आणायची आहे, तेव्हा तुमचं नाव पण देऊ. हरेशनं झटकन फोन बंद केला, नाहीतर तो फोन त्या दिवशी फुटलाच असता. चिमी रस्त्याच्या कडेला उभी राहून मुंबईच्या दिशेनं तोंडाला येईल ते बोलली. येणारे जाणारे थांबून बघत होते. हरेशला घाम फुटला. “मावशी, माझी चूक नाय,” असं तो सारखं बोलत होता. चिमी त्याला बोलली, “तुझी नाय, तिची नाय, वरच्यांची नाय. मग काय तांबूची हाय?”

लग्नाचा दिवस आला. आपण जायचं नाही, अशी चिमीनं शपथच घातली होती स्वतःला. पण मधल्या कुडाला भोकं होती, आणि कान काय बंद करून ठेवता येतात? पलीकडे मांडव सजला, जांभळाच्या डहाळ्या चढल्या. सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर चौक लिहिला, तेव्हा ओल्या पिठाचा वास इकडं आला. फडकं टाकलं. मोखाड्याची माणसं आली. भिका आणि रामी, नवरीचे आईबाप, विधीला पाटावर बसले. काळीनं खोकून घसा साफ केला.

चिमी ताडकन उठली.

“कोठं?” लाडक्यानं विचारलं.

“लग्न मोडायला!”

लाडक्याची विडी हातातच राहिली. तो चपलाही न घालता मागं धावला.

ती मांडवात शिरली तेव्हा बायांनी आपसूक वाट दिली. पोरांना पोटाशी घेतलं. ते चिमीनं बघितलं. ती थेट पाटासमोर जाऊन उभी राहिली.

“भिका, ऊठ. रामी, तू पण ऊठ. इथं नवराबायकोनं बसायचं असतं.”

“काकी, काय बोलतेस?” भिका घाबरला. “आम्ही नवराबायको नाय तर कोण?”

“कोणी लावलं तुमचं लग्न?”

भिकानं मान खाली घातली.

“सांग ना! ह्याच ओट्यावर, ह्याच भिंतीपुढं, कोणाच्या गळ्यानं फडकं सरलं होतं? माझ्या! आता तो गळा चेटकिणीचा झालाय ना? मग चेटकिणीनं लावलेलं लग्न ते लग्न कसलं? ऊठ रामी. तू कोणाची बायको नायस. आईच्या घरी जा. ही जयश्री कोणाची पोर हाय ते पण आधी ठरवा, आणि मग तिला मोखाड्याला द्या!”

चिमी थांबणार थोडीच! ती गरकन वळली.

“आणि तुम्ही काय बघताय? बुध्या, ऊठ, तुझं कोणी लावलं? नवशा, तुझं? गोरख, तुझं तर भर पावसात लावलंय, घसा बसला होता माझा तरी लावलंय! सगळे उठा! ह्या पाड्यात एकाचं पण लग्न झालेलं नाय! सगळ्या बाया आपापल्या माहेरी चला. मी माझं सगळं परत घेऊन चालले!”

म्हातारा बुध्या मागून बोलला, “म्हणजे मी आजपासून मोकळा?” त्याच्या म्हातारीनं त्याच्या पाठीत असा धपका घातला की मोखाड्याची माणसंसुद्धा हसली. सगळा मांडव हसला. चिमी हसली नाही.

“हसू नका! हसून सुटता येणार नाय. दोनातलं एक बोला. मी भुताळी, नाय तर धवलेरी. आत्ता बोला, मोठ्यानं बोला. विहिरीवर हंडे सरकवून नाय सांगायचं.”

रामी पाटावरच बसली होती. तिनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं, जणू कोणी ओढून नेतंय. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग हळद लावलेल्या पोरीकडे बघितलं. मग ती उठली आणि सगळ्यांसमोर चिमीच्या पायाशी बसली.

“धवलेरी,” ती बोलली.

“नाय ऐकू आलं.”

“धवलेरी! तूच माझी धवलेरी, काकी. तूच लाव.” आणि हुंदका फुटून ती तिच्या पायावर पडली. कोणीतरी आत पळत गेलं आणि मुकेशला उचलून आणून चिमीच्या कडेवर दिलं. पोर काही घाबरलं नाही. तिच्या पदराशी खेळायला लागलं. पोरं विसरतात. आठवण ठेवायचं काम मोठ्यांचं.

काळी सरकली. “बस इथं, ही जागा तुझीच हाय. मी मागून धरते,” ती बोलली. चिमी बसली. रागानं तापलेली होती तरी अंगात एकदम हलकं वाटलं तिला. जिंकली होती ना! तिनं चौकावरच्या फडक्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि खालून आवाज उचलला.

आवाज चढला. ती देवीला बोलावत होती, ये गं, डोंगर उतरून ये, पाणी ओलांडून ये, तुझी पोर वाट बघतेय. काळी मागून साथ धरत होती. म्हाताऱ्यांच्या माना डोलायला लागल्या. आवाज वर गेला, आणखी वर गेला, आणि नेहमीच्या जागी येऊन फाटला.

आणि तिथं ती आली. जांभळ्या दातांची.

मिटल्या डोळ्यांपुढे ढोलीतून बाहेर आली, हातात भाकरी घेऊन. मागं घुबड, आणि कोपऱ्यात थरथरणारा तो पिवळा कुत्रा. चिमीनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. ती तिथंच. चिमीनं आवाज आणखी चढवला. म्हटलं हिला गाडून टाकते, हिला आज गाण्याखाली पुरते. जेवढा चढवला तेवढी ती मोठी झाली, आणि तिच्या तोंडातून चिमीचाच आवाज यायला लागला. आपण देवीला बोलावतोय की सशाला, हे चिमीला कळेना. तरी तिनं गाणं सोडलं नाही. नवरी समोर बसलेली, तिला अर्ध्यावर कशी सोडणार? ती संतापानं गात राहिली, गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं, देवीचं वारं आलं.

फडकं सरलं. पांढऱ्या रेघांच्या चौकात पालघट उभी होती. लग्न लागलं. तारपा वाजला, पोरं नाचायला लागली. जयश्री पाया पडली. रामीनं नवं लुगडं आणि नारळ ओटीत घातला. लाडक्या कधी नव्हे तो बायकोला लोकांदेखत बोलला, “आज गळा असा लागला, असा कधी लागला नव्हता.”

चिमी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. लाडक्याला पहिल्यांदाच तिच्या गप्प बसण्याची भीती वाटली.

तेवढ्यात नवऱ्याकडचा एक म्हातारा हात जोडत पुढं आला. मोखाड्याचा, कपाळभर हळद फासलेला. “बाई, असं गाणं आमच्याकडं राहिलं नाय आता. माझ्या नातीचं लग्न हाय ह्याच महिन्यात. तुम्हालाच न्यायला येईन. नाय म्हणू नका.”

सगळ्यांनी चिमीकडे बघितलं. रामीसुद्धा डोळे पुसून अभिमानानं बघायला लागली.

चिमी उठली. नारळ रामीच्या हातात परत दिला, लुगडं काळीच्या मांडीवर ठेवलं.

“हिला न्या,” ती त्या म्हाताऱ्याला बोलली. “हिचा गळा अजून कोणी टीव्हीत घातलेला नाय.”